१३ मुलगे आणि एकटी माझी लेक: मुलींना गोल्फकडे आणायचं कसं?

अनुची_आई

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच धागा काढतेय, जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

आम्ही पुण्यात राहतो. मुलगी ११ वर्षांची, सहावीत. गेल्या उन्हाळ्यात शाळेच्या शिबिरात चार दिवस गोल्फ होतं, तिथे कोचनी हातात सेव्हन आयर्न (मधल्या अंतराची काठी) दिली आणि चौथ्या-पाचव्या फटक्याला बॉल असा काही उडाला की घरी आल्यावर जेवताना तिचं तेच चालू, आई नीट लागला ना की आवाजच वेगळा येतो गं. मग आम्ही शनिवार-रविवारची बॅच लावली. आमच्या घरात कोणी गोल्फ खेळलेलं नाही, मला टीव्हीवर लागलं तरी चॅनल बदलायची सवय. पण ती इतकी मनापासून करायला लागली की मी पण शिकत गेले, निदान बोगी (ठरलेल्यापेक्षा एक फटका जास्त) म्हणजे काय आणि बर्डी (एक कमी) म्हणजे काय एवढं तरी.

सुरुवातीला बॅचमध्ये तीन मुली होत्या. एकीच्या आजीने उन्हात रापते म्हणून बंद केलं, दुसरीचा स्कॉलरशिपचा क्लास शनिवारी आला. आता १३ मुलगे आणि ही. मुलगे वाईट आहेत असं अजिबात नाही, कोणी चिडवत नाही, कोणी काही बोलत नाही, आणि खरं तर तोच प्रॉब्लेम आहे, कोणी काहीच बोलत नाही. ब्रेकमध्ये ते सगळे एका बाकावर डबे उघडतात, ही गाडीत येऊन माझ्या शेजारी बसून पोळीचा रोल खाते. मागच्या रविवारी म्हणाली, "आई, मला गोल्फ आवडतं, पण मला तिथे जायला आवडत नाही." हे माझ्या डोक्यातून जात नाहीये.

मला तिला ऑलिंपिकला पाठवायचं नाहीये (कपाटावर गोल्फर अदिती अशोकचा फोटो तिनेच चिकटवलाय, ती गोष्ट वेगळी). मला एवढंच हवंय की तिच्यासोबत अजून चार-पाच मुली असाव्यात. सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं तर उत्तरं अशी आली: फार महाग असतं ना? मुली खेळतात का हे? बॅडमिंटनला का नाही घालत? एकीने तर सरळ विचारलं की ह्याचा पुढे उपयोग काय.

तुमच्यापैकी कोणी मुलींना किंवा बायकांना गोल्फकडे आणायचा प्रयत्न केलाय का? काय चाललं, काय नाही चाललं? आणि मी स्वतः खेळत नाही तर मी नेमकं काय करू शकते?

लाल_टी

अनुची आई, तुमची पोस्ट वाचून डोळ्यात पाणी आलं, कारण तुमची लेक जे म्हणाली तेच मी ४१ व्या वर्षी नवऱ्याला म्हणाले होते. खेळ आवडतो, तिथे जायला नको वाटतं.

माझे मिस्टर फौजेत होते, रिटायर झाले. पोस्टिंग जिथे जिथे झालं तिथे कॅन्टोन्मेंटमध्ये कोर्स होता, म्हणून शिकायची सोय झाली, ती सोय सगळ्यांना नसते हे मला मान्य आहे. पहिल्यांदा खऱ्या कोर्सवर गेले त्या दिवशी पहिल्या टीवर, म्हणजे जिथून पहिला फटका मारतात तिथे, मी उभी आणि मागे चार पुरुष हाताची घडी घालून थांबलेले. ते काही बोलले नाहीत, पण माझा बॉल दहा फूट गेला आणि मागून कोणीतरी घड्याळ बघितलं. पुढचे तीन महिने मी फक्त रेंजवर (सरावाच्या जागेवर) जाऊन बकेटभर बॉल मारून घरी यायचे, कोर्सवर पाऊल टाकलं नाही.

मग एका बाईंनी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, मला विचारलं की बुधवारी सकाळी येतेस का, आम्ही तिघी आहोत, चौथी हवीये फोरबॉलला, म्हणजे चौघींच्या खेळाला. त्या एका "येतेस का" वर मी आजपर्यंत खेळतेय, १२ वर्षं झाली. आता आमच्या बुधवारच्या ग्रुपमध्ये २० जणी आहेत आणि त्यात कोणी चॅम्पियन नाही, दोघी-तिघी बऱ्या खेळतात बस. ह्यातून जे शिकले ते सांगते.

आम्ही कोणालाच एकटीला बोलवत नाही. नवीन बाई आली तर तिला सांगतो अजून एक मैत्रीण घेऊन ये, भले ती नुसती चालायला येऊ दे. आणि सुरुवातीला फक्त ९ होल, १८ नाहीच. १८ होलला चार-साडेचार तास जातात, घरून निघून परत येईपर्यंत सहा तास, कोणत्या बाईकडे आठवड्याला सहा तास असतात हो? ९ होल दोन-सव्वादोन तासात होतात, ते जमतं, आणि नंतरचा चहा कंपल्सरी. तो चहा गोल्फइतकाच महत्त्वाचा आहे हे मी अगदी मनापासून सांगते. बऱ्याच जणी पहिले सहा महिने चहासाठी येतात आणि मग एक दिवस बॉल नीट लागतो.

दुसरं म्हणजे पुढची टी. पुष्कळ कोर्सवर लाल रंगाच्या खुणा असतात त्या पुढच्या टी, तिथून अंतर कमी होतं. काही जणींना वाटतं तिथून मारणं म्हणजे कमीपणा, कसला कमीपणा, ज्याचा ड्राइव्ह (पहिला लांब फटका) जितका जातो तितक्या अंतरावरून खेळावं म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या फटक्यात ग्रीन (होलभोवतीची बारीक हिरवळ) दिसतं, नाहीतर अख्खा दिवस गवत कापल्यासारखं वाटतं. लहान मुलींना तर अजून पुढून, फेअरवेच्या (टी आणि ग्रीनमधल्या हिरवळीच्या) मधूनच खेळवायला हवं.

आणि हँडिकॅप ही गोष्ट लोकांना समजावून सांगा, कारण गोल्फची खरी गंमत तिथे आहे. समजा पार ७२ चा कोर्स आहे, म्हणजे ७२ फटक्यांत संपणं अपेक्षित. हँडिकॅप म्हणजे आपल्या एकूण फटक्यांतून वजा होणारा आकडा. बापाचा हँडिकॅप १०, तो ८३ मध्ये संपवतो, म्हणजे नेट ७३. लेकीचा हँडिकॅप २८, ती ९८ मध्ये संपवते, नेट ७०. लेक जिंकली, आणि ही काही दया दाखवून दिलेली जीत नाही, आकड्यांनी जिंकली. असा दुसरा खेळ सांगा ज्यात १२ वर्षांची मुलगी, तिची आई आणि आजोबा एकत्र उतरून खरीखुरी मॅच खेळू शकतात. २०२० पासून जगभर हँडिकॅपची एकच पद्धत आहे आणि बायका-पुरुष दोघांनाही कमाल ५४ पर्यंत हँडिकॅप मिळतो, म्हणजे अगदी नवशिक्या बाईलासुद्धा स्वतःचा एक नंबर मिळतो. माझ्या मैत्रिणीने तिचा पहिला हँडिकॅप फ्रिजवर लावला होता.

तुम्ही काय करू शकता विचारलंत ना, तर तुम्ही गाडीत बसू नका. स्वतः शिका. पटरपासून, म्हणजे बॉल हळूच होलमध्ये ढकलायच्या काठीपासून, सुरू करा.

गोदाकाठ

नाशिककर आहे. आमच्याकडे गोल्फ क्लब मैदान म्हणून मोठं मैदान आहे, हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे त्याचं नाव, पण रिक्षावाल्याला गोल्फ क्लबच सांगावं लागतं. मी तिथे लहानपणापासून धावायला जातो, रणजी मॅच बघितल्यात, सभा ऐकल्यात. गोल्फ एकदाही बघितलं नाही. माझ्यासारख्या हजारो लोकांसाठी गोल्फ हे फक्त एका मैदानाचं नाव आहे, म्हणून सोसायटीतल्या बायकांनी तसे प्रश्न विचारले तर त्यांना दोष देऊ नका, कोणी दाखवलंच नाही तर कळणार कसं.

आता जे लिहितोय ते भांडायला नाही, मनापासून विचारतोय. मुलींना गोल्फमध्ये आणा असं आपण म्हणतो तेव्हा आपल्या डोळ्यासमोर कोणत्या मुली असतात? ज्यांचे आईवडील फी भरू शकतात त्याच ना? माझा एक मित्र कोर्सवर कॅडी (खेळाडूंची बॅग उचलणारा) होता, त्याच्याकडून ऐकलंय, सोमवारी कोर्सला सुट्टी असते तेव्हा कॅडी मंडळींना खेळायला मिळतं, असं बऱ्याच ठिकाणी असतं. चेंबूरला तर कोर्सच्या शेजारच्या वस्तीत पोरं लोखंडी सळई वाकवून काठी करतात आणि गल्लीत खेळतात. ह्यातूनच आपले मोठे खेळाडू आलेत. अली शेर दिल्लीत कॅडी होते, १९९१ मध्ये इंडियन ओपन ही स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक गोल्फर. बंगलोरचे मुनियप्पा पण कॅडी, २००९ ला जिंकले. चौरसिया कलकत्त्याच्या कोर्सवरच्या माळ्याचा मुलगा, २०१६ आणि २०१७ असं लागोपाठ दोनदा जिंकला.

मग त्या घरांमधल्या बहिणींचं काय? भाऊ सकाळी बॅग उचलायला गेला आणि येता येता खेळ शिकून आला, बहीण त्याच घरात, कोर्सच्या भिंतीपलीकडे, पण तिला आत जायला कारणच नाही कारण आपल्याकडे कॅडी म्हणून बहुतेक मुलगेच घेतात. थायलंड, व्हिएतनाम, जपानला कॅडी बहुतांश बायकाच असतात, म्हणजे बाईला जमत नाही असं काही नाही. मला वाटतं खेळाच्या सगळ्यात जवळ राहणाऱ्या मुलींना आपण सगळ्यात लांब ठेवलंय.

अनुची_आई

@गोदाकाठ, दादा हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं सांगते. आमच्या रेंजवर बॉल गोळा करणारे एक काका आहेत, त्यांच्या दोन मुली शनिवारी डबा द्यायला येतात, अनुच्याच वयाच्या. मी दर शनिवारी बघते त्यांना.

@लाल_टी ताई, पटरचं लक्षात ठेवलंय.

फाइफवाली

मी स्कॉटलंडमध्ये फाइफ भागात राहते, मूळची साताऱ्याची. सेंट अँड्र्यूज इथून जवळ आहे, म्हणजे गोल्फची पंढरीच म्हणा. @लाल_टी यांनी पटरचं लिहिलं म्हणून राहवलं नाही.

इथे ओल्ड कोर्स ह्या प्रसिद्ध जुन्या कोर्सच्या अगदी शेजारी एक मोठं पटिंग ग्रीन आहे, त्याचं नाव ऐका, हिमालयाज! नुसते उंचवटे आणि खळगे, बॉल डोंगरावरून उतरल्यासारखा जातो, म्हणून हे नाव. ते बायकांचं आहे. १८६७ मध्ये इथे लेडीज पटिंग क्लब निघाला. त्या काळात बाईने काठी खांद्याच्या वर नेणं शोभत नाही असं मानायचे, म्हणजे पूर्ण स्विंग करायचाच नाही. पुरुष मोठ्या कोर्सवर आणि बायकांना कुठेच जागा नाही. मग कॅडी लोक आपापसात पट मारत बसायचे त्या तुकड्यावर ह्या बायका जाऊन खेळायला लागल्या, कॅडी वैतागले, शेवटी बायकांना स्वतःची जमीन मिळाली आणि ओल्ड टॉम मॉरिस ह्या त्या काळच्या नामांकित गोल्फरने ती तयार करून दिली. ते ग्रीन आजही चालू आहे, आजही तोच क्लब सांभाळतो, आणि कोणीही थोडे पैसे देऊन खेळू शकतं. लहान पोरं, म्हातारे, टूरिस्ट, सगळे.

आता पलीकडची बाजू बघा. शेजारचा जो मोठा क्लब, रॉयल अँड एन्शंट, तो १७५४ चा. त्यांनी बायकांना मेंबर करायचं ठरवलं कधी, तर २०१४ मध्ये! २६० वर्षांनी. मला तो दिवस पक्का आठवतो कारण त्याच दिवशी, १८ सप्टेंबरला, स्कॉटलंड स्वतंत्र व्हावं का याचं मतदान होतं, गावात सगळीकडे तीच चर्चा आणि मधेच ही बातमी. अमेरिकेत ऑगस्टाच्या नामांकित क्लबमध्ये पहिल्या बायका मेंबर झाल्या २०१२ मध्ये. म्हणजे हे सगळं आत्ता आत्ताचं आहे. त्यामुळे तुमच्या रेंजवर १३ मुलगे आणि एक मुलगी दिसतेय ती काही मुलींना आवड नसते म्हणून नाही, दारंच इतकी उशिरा उघडली.

माझ्या सासूबाई आल्या होत्या दोन वर्षांपूर्वी, वय ६८, गुडघ्याचा त्रास. साडी आणि स्पोर्ट्स शूज घालून हिमालयाजवर उतरल्या, मी म्हटलं बसा तुम्ही, तर म्हणाल्या काठी दे इकडे. गावाकडे विटीदांडू खेळलेला हात आहे तो! लांबचे पट मला जमत नव्हते आणि त्या बॉल होलच्या वीतभर अंतरावर आणून ठेवत होत्या. तीन होलनी मला हरवलं आणि साताऱ्याला फोन करून सगळ्यांना सांगितलं.

म्हणून माझा सल्ला, मुलींना रेंजवर नेऊन आधी ड्राइव्ह मारायला लावू नका. पटिंग ग्रीनवर न्या, आयांसकट न्या. पार ७२ मध्ये ३६ फटके पटिंगचे धरलेले असतात, निम्मा खेळ तिथे आहे आणि त्याला ताकद लागत नाही. ऊन टाळून संध्याकाळी होतं, पंधरा मिनिटात हसायला सुरुवात होते. मोठा फटका नंतर आपोआप मागतात.

सात_नंबर

मी १९ वर्षांची आहे, ज्युनियर टूर्नामेंट खेळलेय, आता कॉलेज टीममधून खेळते. अनुच्या जागी मी होते त्यामुळे थोडं स्पष्ट लिहिते, काकांना ऑकवर्ड वाटलं तर सॉरी.

कोणी बोलत नाही अशा गोष्टी म्हणजे टॉयलेट. कोर्सवर पहिल्या होलपाशी क्लब हाऊसमध्ये असतं आणि मग डायरेक्ट नवव्या होलनंतर. मुलगे झाडामागे जातात. मी बारा वर्षांची असताना पाणी प्यायचंच बंद केलं होतं राऊंडच्या दिवशी, आणि मे महिन्यात त्यामुळे एकदा चक्कर येऊन पडले. पाळी सुरू झाल्यावर तर तीन टूर्नामेंट मी खोटं कारण सांगून सोडल्या, कारण पांढरी स्कर्ट आणि चार तास कुठे काही सोय नाही. नंतर एका ठिकाणी लेडीज कमिटीच्या काकूंनी पाचव्या आणि चौदाव्या होलजवळ टॉयलेट करून घेतलं आणि स्टार्टरच्या (राऊंड सुरू करून देणाऱ्याच्या) टेबलवर पॅड ठेवायला लावले, कोणाला न विचारता घेता येतील असे. एवढ्या एका गोष्टीने त्या कोर्सवर मुली टिकल्या. तर आई लोकांनो, कोच कसा आहे हे विचारता तसं हे पण विचारा ना. आणि कपड्यांचं पण, कॉलरचा टीशर्ट आणि साधी गडद पँट चालते बहुतेक ठिकाणी, स्कर्ट घालायलाच हवा असं नसतं.

काठ्यांचं पण सांगते. मला पप्पांच्या मित्राचा जुना सेट कापून दिला होता, लांबी कमी झाली पण वजन तेवढंच, शाफ्ट (दांडा) कडक, दोन वर्षं मला वाटायचं माझ्यातच ताकद नाही. मग एका कोचनी मुलांच्या उंचीप्रमाणे मिळणाऱ्या हलक्या काठ्या दिल्या आणि पहिल्याच दिवशी बॉल हवेत. १४ काठ्या बाळगायची परवानगी असते, पण मुलीला पटर, एक वेज, सेव्हन आयर्न आणि एक हायब्रिड एवढं भरपूर झालं. मुलं वाढतात त्यामुळे सेकंडहँड सेट खूप फिरत असतात, नवीन घेऊ नका.

आणि टोकियो ऑलिंपिक. ७ ऑगस्ट २०२१. संध्याकाळी नीरज चोप्राचं गोल्ड आलं त्यामुळे तो दिवस सगळ्यांना आठवतो, पण मी पहाटे उठून अदिती अशोकची शेवटची राऊंड बघत होते. तेव्हा तिचं जागतिक रँकिंग होतं २००, आणि आदल्या दिवशीपर्यंत ती दुसऱ्या नंबरवर. तिची आई तिची कॅडी होती! रिओला २०१६ मध्ये वडील होते आणि ती १८ ची. शेवटी अमेरिकेची नेली कोर्डा १७ अंडर (पारपेक्षा १७ फटके कमी), दोघी १६ वर आणि अदिती १५ अंडर, एका फटक्याने मेडल गेलं. शेवटचा पट होलच्या बाजूने गेला तेव्हा मी रडले. पण मग आमच्या वर्गाच्या ग्रुपवर मैत्रिणींचे मेसेज, अगं बर्डी म्हणजे काय, अगं तू हेच खेळतेस ना, आम्हाला दाखव ना. चार वर्षं मी खेळत होते, पहिल्यांदा कोणी विचारलं. त्यातली एक अजून माझ्यासोबत खेळते.

अदितीचे आईवडील पण आधी गोल्फ खेळत नव्हते हे अनुच्या आईंनी लक्षात ठेवा. बंगलोरला कोर्ससमोरच्या रेस्टॉरंटमध्ये नाश्ता करताना तिने वाकून बघितलं आणि ती जेमतेम पाच वर्षांची असताना सगळं घरच शिकायला लागलं. आणि अनुला दीक्षा डागरबद्दल पण सांगा. डावखुरी आहे, तिला ऐकू कमी येतं, वडील फौजेतले आणि तेच कोच. १८ व्या वर्षी साउथ आफ्रिकन ओपन जिंकली २०१९ मध्ये, आणि २०२२ ला डेफलिंपिक्समध्ये (कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये) गोल्ड. मला वाईट दिवस असला की मी तिचे व्हिडिओ बघते.

रेंजवाला

मी पिंपरी-चिंचवडकडे लहान मुलांना शिकवतो, १५ वर्षं झाली. आधी माझी चूक सांगतो मग बाकीचं. माझ्या तोंडी एक वाक्य होतं, मुलग्यांना सांगायचो "काय मुलीसारखा मारतोय, पूर्ण फिरव." सहा-सात वर्षं बोललो असेन. एक दिवस शेजारच्या मॅटवरच्या मुलीने काठी खाली ठेवली आणि मला विचारलं, सर मुलीसारखा म्हणजे कसा? तिचा स्विंग त्या मुलापेक्षा कितीतरी चांगला होता. मला उत्तर देता आलं नाही. ती पुढच्या महिन्यापासून आली नाही आणि त्याला मी जबाबदार आहे हे मला आजही वाटतं. म्हणून पालकांनो, कोचच्या तोंडात काय शब्द आहेत ते अर्धा तास उभं राहून ऐका.

दुसरी चूक अशी की बॅचमध्ये दोन-तीन मुली आल्या की मी त्यांना वाटून द्यायचो, प्रत्येक गटात एक, म्हटलं मिसळतील. उलटं झालं, तिघी तीन गटात एकट्या पडल्या. आता मी मुलींना कधीच वेगळं करत नाही. शेजारी शेजारी मॅट देतो आणि चार होईपर्यंत नवीन गट करत नाही. ११ ते १३ हे वय सगळ्यात नाजूक, तिथेच गळती होते, माझ्या वह्या काढून बघितल्या तर त्याच वयात नावं खोडलेली दिसतात. सहा वर्षांच्या मुलीला मुलगे असले काय नसले काय फरक पडत नाही, अकराव्या वर्षी पडतो.

शिकवण्यात पण बदल केला. मुलींना मी टार्गेट देतो, बादल्या, रिंगा, दोघी-दोघींची जोडी आणि जोडीचे मिळून पॉइंट. स्पर्धा करायची नसते असं नाही हं, चांगली चुरशीने खेळतात, पण एकटीने १३ जणांसमोर चुकण्यापेक्षा जोडीने चुकणं सोपं जातं. आता मुलग्यांना पण तसंच शिकवतो, त्यांचे पण निकाल सुधारले.

कोरियाचं उदाहरण आमच्या कोचिंगमध्ये नेहमी निघतं. १९९८ मध्ये पाक से-री नावाची मुलगी अमेरिकेत यूएस विमेन्स ओपन जिंकली, बॉल पाण्याच्या काठाला अडकला तर बूट-मोजे काढून पाण्यात उतरून मारला, अख्ख्या कोरियाने ते टीव्हीवर बघितलं. तेव्हा नऊ-दहा वर्षांची असलेली पार्क इन-बी २०१६ ला ऑलिंपिक गोल्ड घेऊन गेली. त्या एका पिढीला तिकडे से-रीची मुलं म्हणतात. पण माझ्या मते आपण त्यातलं अर्धंच घेतो, हिरो दाखवायचा. तिकडे टीव्ही बघून उठलेल्या मुलीला शिकायला जागा होती आणि शेजारी तिच्यासारख्या अजून मुली होत्या. आपल्याकडे २०२१ च्या ऑगस्टमध्ये मला एका आठवड्यात ३० फोन आले, माझ्या मुलीला शिकवा म्हणून. करोनामुळे बॅच अर्ध्या क्षमतेने चालू होत्या, मी सगळ्यांना थांबा म्हटलं. दिवाळीनंतर परत फोन केले तर दोघीच आल्या. ती संधी गेली.

@गोदाकाठ, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. खर्चाबद्दल म्हणाल तर क्लबची मेंबरशिप ही शेवटची पायरी आहे, सुरुवातीला तिची गरजच नसते. रेंजवर बकेटप्रमाणे पैसे देऊन शिकता येतं, आणि खारघरला सिडकोने केलेला कोर्स आहे तिथे मेंबर नसलात तरी पैसे भरून खेळता येतं. असे पब्लिक कोर्स वाढायला हवेत, प्रत्येक मोठ्या शहराला एक तरी, त्याशिवाय हे सगळं मूठभर घरांतच राहील. बॉल गोळा करणाऱ्या काकांच्या मुलींचं अनुच्या आईंनी लिहिलंय, त्यांना घ्या. कोच नाही म्हणणार नाही, मी ओळखतो आमच्या लोकांना, फक्त कोणीतरी विचारावं लागतं.

गोदाकाठ

@रेंजवाला, चूक अशी उघड लिहिलीत, मनापासून आदर वाटला. मला पाण्याबद्दल पण विचारायचं होतं, उन्हाळ्यात गावाला टँकर आणि कोर्स हिरवागार हे बघवत नाही.

रेंजवाला

@गोदाकाठ, प्रश्न रास्त आहे. सांडपाणी शुद्ध करून वापरतात बऱ्याच कोर्सवर, सगळ्यांनी वापरलं पाहिजे आणि नवीन कोर्स करताना ती अटच असावी असं माझं मत आहे. ह्यावर वेगळा धागा काढू, इथे मुलींचंच राहू दे.

अनुची_आई

तीन आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, माफ करा.

सगळ्यांचं परत परत वाचलं आणि फाइफवाली ताईंचं ऐकून पटिंगपासूनच सुरुवात केली. सोसायटीच्या ग्रुपवर ह्यावेळी "गोल्फ क्लास" असं लिहिलंच नाही, लिहिलं शनिवारी संध्याकाळी साडेपाचला मुली आणि आया, एक तास, पटरने खेळायचं, काठी तिथे मिळेल, नंतर भेळ. चार आया आणि पाच मुली आल्या. ज्या बाईंनी उपयोग काय विचारलं होतं त्या पण आल्या, आणि त्यांचा लांबचा एक पट गेला ना होलमध्ये, त्यांनी काठी वर करून जी आरोळी ठोकली, पलीकडच्या मॅटवरचे सगळे वळून बघायला लागले.

कोचना बॉलवाल्या काकांच्या मुलींबद्दल विचारलं. त्यांनी दोन सेकंद बघितलं माझ्याकडे आणि म्हणाले, "अहो आधी का नाही विचारलंत, उद्यापासून पाठवा." फी घेत नाहीयेत. काकांना मात्र पटवायला वेळ लागला, त्यांना वाटत होतं मेंबर लोक काही बोलतील, मोठीचं वय झालं आता, असं बरंच. मग मी त्यांच्या मिसेसना भेटले, त्या म्हणाल्या मी पण बघायला येते. आल्या. धाकटी डावखुरी निघाली, दीक्षा डागरसारखी, अनुने तिला लगेच सांगितलं ते.

टॉयलेटचं विचारलं, रेंजवर आहे पण कुलूप असतं आणि किल्ली ऑफिसमध्ये एका दादांकडे मागावी लागायची. आता कुलूप निघालंय. @सात_नंबर बाळा, तू लिहिलं नसतंस तर मला सुचलंच नसतं, एक वर्ष अनु ती किल्ली मागायला लाजत होती आणि मला माहीतही नव्हतं.

दोन मुली गळणार असं दिसतंय, एकीला खरंच आवडलं नाही, ठीक आहे. पण बाकीच्या धरून अनुसकट सहा झाल्या. काल ब्रेकमध्ये मी गाडीत डबा घेऊन बसले होते, ती आलीच नाही. दहा मिनिटांनी पळत आली, रोल घेतला, म्हणाली "आई तू खा तुझं" आणि गेली.

आता मदत हवीये ती अशी: डावखुऱ्या मुलीसाठी साधारण साडेचार फूट उंचीला बसेल असा पटर आणि सेव्हन आयर्न कुठेच मिळत नाहीये, उजव्या हाताच्या काठीने ती उलटं धरून मारतेय. पुण्यात कोणाच्या घरी पडून असेल तर मेसेज करा, मी येऊन घेऊन जाईन. आणि @लाल_टी ताई, बुधवारी खरंच चालेल का मी आले तर? सोबत मैत्रीण आहे.

लाल_टी

चालेल म्हणजे काय! सकाळी साडेसहाला या, पहिल्या टीवर. डाव्या हाताचा पटर आमच्या ग्रुपमधल्या एकीच्या नातवाचा आहे, तो आता सहा फूट झालाय. विचारते आजच.